पावसातली पकड, उन्हातली पकड

वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी मी कवितेवर काहीतरी देईन असं संपादकांना वाटत होतं. मी देतेय ते गाडीच्या टायरवर. त्याचं कारण आधी सांगते.

गेल्या जुलैत वसईला आजीला भेटून आम्ही चौघं बडोद्याला परत येत होतो. गाडी दादा चालवत होता, पप्पा त्याच्या शेजारी, मम्मी आणि मी मागे. तलासरीच्या आसपास धो धो पाऊस लागला. वेग नव्वदच्या घरात असेल. रस्त्याला हलकंसं उजवं वळण होतं आणि दुभाजकाच्या कडेनं पाण्याचा एक लांबट पट्टा साचला होता. त्यावरून गेलो आणि गाडीची मागची बाजू एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. पुढच्या दोन-तीन सेकंदांत गाडी गर्रकन फिरली आणि आलो होतो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मागच्या टँकरवाल्यानं वेळेत ब्रेक मारला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मम्मी त्यानंतर कितीतरी महिने त्या गाडीत बसली नाही. आम्ही गाडीनं, ती ट्रेननं, असं चालायचं.

दादाचं म्हणणं एकच, "टायर तर नवीन होते!" तीनच आठवड्यांपूर्वी त्यानं पुढचे दोन टायर बदलले होते आणि तेही साधे नाहीत, 'परफॉर्मन्स' म्हणून विकले जातात तसले. भिलाडला एका पंक्चरवाल्याकडे आम्ही चाकं दाखवली. त्यानं पुढच्या टायरकडे बघितलंही नाही. मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं, ते जेमतेम आत गेलं. मग हवा मोजली. २६ पौंड. आणि विचारलं, नवे टायर पुढे का टाकले?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचलं आणि दुकानादुकानांतून जे ऐकलं, ते इथे लिहितेय. आपल्यातले बरेच जण आता चारचाकी चालवायला लागलेत, काही जण घरच्यांना 'कुठले टायर घेऊ' यावर सल्लेही देतात. तेव्हा वाचून ठेवायला हरकत नाही.

सुरुवात एका गोष्टीपासून. हजारभर किलोची गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या साधारण तळहाताएवढ्या जागेवर. चार तळहात, बस्स. ब्रेक, वळण, वेग, सगळं त्यातूनच रस्त्यापर्यंत पोचतं. एबीएस असो की आणखी काही इलेक्ट्रॉनिक मदत असो, ती या चार तळहातांमधली पकड वाटून देते, नवी पकड तयार करत नाही.

ही पकड दोन प्रकारची असते. एक चिकटण्याची. रबर आणि कोरडं डांबर एकमेकांना अगदी जवळून भिडतात, तेव्हा ते खरोखरच चिकटतात. दुसरी रुतण्याची. रस्त्याला आपण सपाट म्हणतो, पण जवळून पाहिलं तर तो खडीच्या टेंगळांनी भरलेला असतो. रबर त्या टेंगळांभोवती दाबलं जातं, पसरतं आणि लगेच पूर्ववत होत नाही, जरा रेंगाळतं. त्या रेंगाळण्यातून घसरण्याला विरोध मिळतो. रस्ता ओला झाला की मधे पाण्याचा पातळ पडदा येतो आणि चिकटण्याची पकड बरीचशी निघून जाते. मग उरते ती रुतण्याची. म्हणून कोरड्या रस्त्यावर उत्तम असलेला टायर ओल्यावरही उत्तम असेलच असं नाही. दोन्हीकडे कामाला येणारी यंत्रणाच वेगळी आहे. मला स्वतःला ही गोष्ट कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण आपण 'ग्रिप' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो.

आता टायरवरच्या नक्षीकडे येऊ. लोकांना वाटतं नक्षी जितकी खोल आणि खवल्यांची, तितकी पकड जास्त. कोरड्या रस्त्यावर हे उलटं आहे. खाचा म्हणजे रबर नसलेली जागा. जितक्या खाचा कमी, तितकं जास्त रबर रस्त्याला लागतं आणि नक्षीचे मोठे, जाड ठोकळे वळणावर कमी वाकतात. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर अजिबात नक्षी नसलेले टायर असतात ते यासाठीच. आपल्याकडे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर ही शर्यत झाली, तेव्हा टीव्हीवर कुणी पाहिली असेल तर आठवेल. ते टायर अगदी आपल्या भाषेतले 'गोटा'. आणि पाऊस आला की त्याच गाड्या लगबगीनं आत येऊन खाचांचे टायर घालतात. शर्यतीला टायर पुरवणारी पिरेली कंपनी सांगते, की मुसळधार पावसासाठीचा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. खाचांचं खरं काम हेच, पाण्याला जायला वाट देणं. पकड खाचा देत नाहीत. त्या रबराला रस्त्यापर्यंत पोचू देतात.

आपल्याकडे मात्र आत येऊन टायर बदलायची सोय नाही. वापीला ऊन आणि भरूचला पाऊस असेल, तरी तेच चार टायर. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा प्रत्येक टायर म्हणजे एक तडजोड असते. आपण टायर घेतो म्हणजे कुठली तडजोड हवी ते ठरवतो.

पाण्याला वाट मिळाली नाही तर काय होतं, ते आम्ही तलासरीला पाहिलं. वेग वाढला की टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते. ठरावीक वेगानंतर ती टायरला उचलते आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, खाली रस्ताच नसतो. यावर सगळ्यात आधी पद्धतशीर काम केलं ते अमेरिकेच्या नासानं, १९६०च्या दशकात, विमानांच्या चाकांसाठी. त्यातून निघालेलं सूत्र गंमतीशीर आहे. त्यात विमानाचं वजन नाही, फक्त टायरमधली हवा आहे. पौंडांतल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.६५ नं गुणा, की ताशी किती किलोमीटरला चाक तरंगायला लागेल ते येतं. हे सूत्र गुळगुळीत टायर किंवा पुरता पाण्यानं भरलेला रस्ता धरून आहे, म्हणून चांगल्या खाचांच्या टायरला ते तसंच्या तसं लावू नये. पण आमचे मागचे टायर जवळजवळ गुळगुळीतच होते, म्हणून मी हिशेब करून पाहिला. ३२ पौंडांना सुमारे ९४ किलोमीटर. २६ पौंडांना सुमारे ८५. आणि आम्ही नव्वदनं चाललो होतो. हे वाचून दादा बराच वेळ काही बोलला नाही.

तेव्हा टायरची कंपनी, मॉडेल वगैरे सगळं नंतर. आधी हवा. आणि ती डोळ्यांनी बघायची नसते, मोजायची असते, तीही चाकं थंड असताना, कारण तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंडानं वाढतो. मे महिन्यात बडोद्याच्या दुपारी गरम चाकांची हवा मोजून 'जास्त आहे' म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. रात्री तीच हवा कमी भरते. गाडीला किती हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं. (पंपावर नायट्रोजन भरा म्हणून मागे लागतात. साध्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के असतोच. भरायचा तर भरा, पण त्यासाठी मोजणं चुकवू नका.)

हवेनंतर खाचांची खोली. नव्या टायरला ती साधारण ८ मिलिमीटर असते. कायद्यानं १.६ पर्यंत चालते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कायद्याची ही शेवटची रेघ आहे. ओल्या रस्त्यावरची कामगिरी त्याच्या कितीतरी आधी, ३ मिलिमीटरच्या आसपासच घसरायला लागते. फरक किती पडतो हे समजायला एक कच्चा हिशेब देते. ताशी ८० वेगाला, कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.९ धरला तर गाडी थांबायला २८ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरला ०.६ धरा, ४२ मीटर. झिजलेल्या टायरला ०.४ धरला, तर ६३. म्हणजे २८ आणि ६३ यांच्यामध्ये एक अख्खा टँकर सहज मावतो.

आता पंक्चरवाल्याचा प्रश्न. नवे पुढे का टाकले? दुकानात सगळे हेच सांगतात, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, स्टिअरिंगही पुढे, ब्रेकचा भारही पुढे. ऐकायला पटतं. पण टायर कंपन्या स्वतः उलटं सांगतात, दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाका. पुढची चाकं पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग ऐकत नाही. पाय उचलला, वेग कमी झाला की ती परत रस्त्याला लागतात. मागची तरंगली तर गाडी फिरते आणि फिरलेली गाडी सावरणं साध्या माणसाच्या हातात राहत नाही. शिवाय पुढचे नवे टायर ड्रायव्हरला खोटा विश्वास देतात. स्टिअरिंगला सगळं छान वाटत असतं, मागे काय चाललंय ते कळतच नाही. आमचं अगदी हेच झालं होतं.

मागचे टायर पाहताना आणखी एक गोष्ट सापडली. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनंतर बराच मोठा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. आमच्या मागच्या टायरवर १४१९ होतं, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. दादानं गाडी जुनी घेतली होती, तेव्हाच ते टायर पाच वर्षांचे होते. रबर उन्हानं आणि वयानं कडक होतं आणि कडक रबर रुतत नाही. ओल्या रस्त्यावर रुतण्याचीच तर गरज.

चारही टायर बदलायचे ठरल्यावर आम्ही दुकानं पालथी घातली. बडोद्यात टायरचा तुटवडा असायचं कारण नाही. वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, हालोलला सिएटचा. (सिएट हे नाव मला लहानपणी एखाद्या शेटजींचं वाटायचं. ते इटलीतल्या तोरिनो शहरातल्या, विजेच्या तारा बनवणाऱ्या एका कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आहेत! १९५८ मध्ये ती आपल्याकडे आली, भांडुपला.) दुकानदार आधी दादाशीच बोलायचे. मी टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायला लागले, की मग "बेन, तमे शुं जुओ छो?" असं विचारायचे.

तर मी काय बघत होते? आमच्या गाडीचा आकार १९५/५५ आर १६, पुढे ८७ व्ही. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, चाक १६ इंची. ८७ हा वजन पेलण्याचा क्रमांक. व्ही म्हणजे टायर ताशी २४० किलोमीटरपर्यंत टिकतो. एच असेल तर २१०, डब्ल्यू असेल तर २७०. डब्ल्यू म्हणजे पकड जास्त, असं एका दुकानात सांगितलं गेलं. तसं थेट नाही. ते अक्षर वेगातली उष्णता सोसण्याचं आहे.

दादाला १७ इंची चाकं हवी होती, २०५/४५. दिसतात भारी, हे मलाही मान्य. उन्हात, चांगल्या रस्त्यावर वळणात ती गाडीला जास्त घट्ट धरतील, कारण टायरची बाजू बुटकी म्हणून कमी लवते. पण बुटकी म्हणजे किती? १०७ मिलिमीटरची ९२ होते. बडोद्याच्या पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत तो दीड सेंटिमीटर म्हणजे रिम वाकणं आणि न वाकणं यातला फरक. आणि रुंद टायरला पाणीही जास्त बाजूला सारावं लागतं, म्हणजे तो लवकर तरंगतो. कोरड्यात कमावलेलं ओल्यात गमवायचं. इथे घरात थोडी वादावादी झाली. पप्पांनी कुणाची बाजू घेतली नाही, फक्त मम्मीकडे पाहिलं.

पुढची अक्षरं अमेरिकी पद्धतीची असतात, ती बऱ्याच टायरवर सापडतात. 'ट्रेडवेअर' समोर आकडा: २००च्या आसपास असेल तर रबर मऊ, कोरड्यात जबरदस्त, झिजणारही लवकर. ४००-५०० असेल तर टिकाऊ, शांत. मात्र हा आकडा कंपन्या स्वतःच ठरवतात, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करण्यात अर्थ नाही. 'ट्रॅक्शन' समोर एए, ए, बी किंवा सी. ही परीक्षा फक्त ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून घेतात. वळणातली पकड किंवा तरंगणं त्यात येत नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. युरोपात टायरवर ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी छापतात. तेच मॉडेल तिकडेही विकलं जात असेल तर ही श्रेणी शोधता येते, मात्र आकारही तोच बघावा. आपल्याकडेही सरकारनं २०२२ मध्ये ओल्या पकडीची अट घातली, पण ती पास-नापास आहे. पास झालेल्यांत पहिला कोण, ते कळत नाही.

रबराच्या मिश्रणाबद्दल दुकानदारांना एक प्रश्न नक्की विचारा, सिलिका किती वापरलीय? जुन्या टायरमध्ये रबराला बळकटी द्यायला नुसती काजळी असायची, टायर काळा असतो तो तिच्यामुळे. १९९२ मध्ये मिशेलिननं काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. त्यानं चाक फिरताना वाया जाणारी ताकद कमी झाली आणि ओल्या रस्त्यावरची पकडही राहिली. आधी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळायच्या नाहीत. आज चांगल्या टायरमध्ये सिलिका असतेच, प्रमाण कमी-जास्त. दुकानदारांना नेमका आकडा माहीत नसतो, पण कोण प्रश्न टाळतो आणि कोण पुस्तिका काढून दाखवतो, यावरून दुकान कळतं.

शेवटी प्रश्न नक्षीच्या प्रकाराचा. एक बाणासारखी असते, एकाच दिशेनं फिरायची. ती पाणी झपाट्यानं बाहेर फेकते, पण असा टायर डावीकडचा उजवीकडे टाकता येत नाही. दुसरी दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते. गाडीच्या बाहेरच्या अंगाला मोठे ठोकळे, म्हणजे कोरड्या वळणात आधार. आतल्या अंगाला जास्त खाचा, म्हणजे पाण्याला वाट. एकाच टायरमध्ये ऊन आणि पाऊस. आम्ही हाच प्रकार घेतला, सोळा इंचीच, कारखान्यातून आलेल्या आकाराचा, ओल्या पकडीची श्रेणी तपासून. कोरड्या रस्त्यावर तो सगळ्यात चपळ नाही. दादानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि सांगूनही टाकलं.

मी त्याच्याशी भांडले नाही, कारण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याकडे रस्ता कोरडा असतो. २०२४ मध्ये बडोदा-भरूच हा नवा द्रुतगती रस्ताही सुरू झालाय, तिथे उन्हात तो मऊ रबराचा टायर मजा देईल. पण त्या मजेतली दोन टक्के कमी झाली, तर आपलं काय जातं? ओल्यातले तेवढेच दोन टक्के कमी झाले, तर टँकर आहे. एवढा एकच मुद्दा मी लावून धरला. आणि हेही सांगितलं, की पूर आल्यावर कुठलाच टायर कामाचा नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा अलकापुरीच्या गरनाळ्यात गाडी घालणाऱ्यानं टायर नाही, डोकं तपासावं.

नवे टायर बसवल्यावर पहिले दोनेकशे किलोमीटर जपून चालवायचे असतात. साच्यातून निघताना चिकटू नये म्हणून लावलेला थर वर राहिलेला असतो, तो घासून जावा लागतो. ते किलोमीटर आम्ही रविवारी सकाळी हालोलच्या रस्त्यावर पूर्ण केले. तिसऱ्या रविवारी मम्मी खाली आली. आधी मागच्या चाकापाशी वाकली, खाचेत अंगठ्याचं नख घालून पाहिलं, मग दार उघडून मागे बसली आणि दादाला म्हणाली, "ऐंशीच्या वर नको हं."